मठाविना संन्यास : तेराव्या शतकातील महानुभाव भिक्षुसंघ

मध्ययुगीन दख्खनमध्ये संन्याशांचे निवासस्थान, विद्यार्थ्यांची शाळा, वाटसरूंचे अन्नछत्र, आजाऱ्यांचा आसरा आणि दानात मिळालेल्या जमिनींचा कारभार पाहणारी कचेरी, अशी अनेक कामे मठ या एकाच संस्थेत एकवटलेली होती. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावे येथील कोडिय मठाचा इ.स. ११६२ चा शिलालेख याची उत्तम साक्ष देतो. हा मठ कालामुखांचा, म्हणजे लकुलीश-पाशुपत परंपरेतील एका शैव संन्याशी पंथाचा होता. तेथे चार वेद, व्याकरणाच्या निरनिराळ्या शाखा, षड्दर्शने, योगशास्त्र, पुराणे आणि काव्यनाटके शिकवली जात, दीन, अनाथ, अंध आणि पंगू यांना रोज अन्न मिळे, इतर पंथांच्या संन्याशांचीही सोय होई आणि रोग्यांवर उपचार होत, असे हा लेख सांगतो. प्रशस्तीच्या भाषेतील अतिशयोक्ती वजा केली तरी समाजाने मठाकडून कोणती अपेक्षा ठेवली होती, हे त्यातून स्वच्छ दिसते.

महाराष्ट्रातील याच प्रकारचे उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात सापडते. प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ इत्यादी ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने पाटणे येथे मठ स्थापन केला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ साली या मठाला दान दिले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण दानाचा व्यावहारिक तपशील सुरू होतो तेथे लेख मराठीत उतरतो, कारण तो तपशील पंडितांना नव्हे, तर बाजारात माल विकणाऱ्यांना आणि घाणा चालवणाऱ्या तेल्यांना कळायला हवा होता. विकल्या जाणाऱ्या मालावर मठाचा ठरावीक हक्क, गिऱ्हाइकांकडून सुपाऱ्या, प्रत्येक घाण्यामागे तेलाचा वाटा, आणि जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे अशी ताकीद, असा तो मजकूर आहे. माप कोणाचे चालावे हा प्रश्न बाजारात फार महत्त्वाचा असतो. ज्याचे माप चालते त्याची सत्ता त्या बाजारावर चालते, आणि पाटण्याच्या बाजारात ती सत्ता काही अंशी एका विद्यामठाकडे सोपवली गेली होती.

अशा मठांनी विद्या टिकवली आणि भुकेल्यांना अन्न दिले, हे त्यांचे ऋण मान्य करावेच लागते. पण हे मठ राजाच्या किंवा सामंताच्या दानावर उभे होते, त्यांची विद्या बहुतांशी संस्कृतात होती, आणि विद्यार्थी म्हणून तेथे शिरण्याचा मार्ग स्त्रियांना आणि शूद्र-अतिशूद्रांना जवळजवळ बंदच होता. याच यादवकाळात, सिंघणाच्या नातवंडांच्या राजवटीत, गोदावरीच्या खोऱ्यात आणि वऱ्हाडात एक असा संन्याशी संघ आकाराला आला की ज्याने जमीन घेतली नाही, मठ बांधला नाही, बाजारातला वाटा मागितला नाही, स्त्रियांना दीक्षा दिली आणि आपले सगळे शास्त्र मराठीत ठेवले. तो संघ म्हणजे महानुभाव पंथ होय. मराठी गद्याची पहिली मोठी निर्मिती या संघाच्या हातून झाली, आणि ती का झाली याचे उत्तर संघाच्या आचारनियमांत शोधावे लागते. या पंथाचा विचार सहसा तत्त्वज्ञानाच्या किंवा वाङ्मयाच्या इतिहासात होतो, आणि संन्याशांची संघटना म्हणून त्याच्याकडे कमी पाहिले जाते. त्यामुळे त्याच्या वाङ्मयाचे मूळ कारणही पुष्कळदा नजरेआड राहते.

पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर हे परंपरेनुसार गुजरातेतील भडोचच्या प्रधानाच्या घरचे. रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने ते बाहेर पडले आणि वऱ्हाडातील रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंची, म्हणजेच गुंडम राऊळांची, भेट झाल्यावर त्यांनी सर्वसंगपरित्याग केला. पुढची कित्येक वर्षे ते एकटे हिंडले, आणि नंतर पैठणच्या परिसरात त्यांच्याभोवती शिष्यांचा मेळा जमू लागला. वेरूळच्या लेण्यांतही त्यांचा मुक्काम होता. बौद्ध भिक्षूंनी कित्येक शतकांपूर्वी सोडलेल्या त्या खोल्यांत एका नव्या संन्याशी संघाने काही महिने वस्ती केली, ही घटना दख्खनच्या संन्यासपरंपरेच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. इ.स. १२७४ च्या सुमारास चक्रधरांनी शिष्यांचा निरोप घेऊन उत्तरापंथे गमन केले, असे पंथ मानतो. त्यानंतर शिष्यमंडळी नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, यांच्या नेतृत्वाखाली रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली, आणि १२८७-८८ च्या सुमारास त्यांचेही निधन झाल्यावर संघाचा सगळा भार नागदेवाचार्यांवर आला.

संघाच्या जीवनाचे दोन काळ पंथाच्या परिभाषेत स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत. परमेश्वर अवतार प्रत्यक्ष जवळ असतानाचा काळ म्हणजे सन्निधान, आणि तो दृष्टीआड झाल्यानंतरचा काळ म्हणजे असन्निधान. सन्निधानात सेवा हाच धर्म होता. असन्निधानात मात्र सेवा करायची कोणाची, हा प्रश्न उभा राहिला, आणि आचाराचे सर्व नियम या प्रश्नाच्या उत्तरादाखल आलेले आहेत. स्वतःचा देश, स्वतःचे गाव आणि विशेषतः नातलग यांचा संबंध तोडावा, हा पहिला दंडक. त्यानंतर अटन, म्हणजे एका जागी मूळ न धरता सतत हिंडत राहणे. भिक्षा, म्हणजे चारही वर्णांच्या घरी जाऊन, घराची निवड न करता, मिळेल ते रुचीचा विचार न ठेवता स्वीकारणे. विजन, म्हणजे गावाबाहेर एकांतात, झाडाखाली किंवा ओसाड देवळात बसणे. आणि या सगळ्याच्या मुळाशी स्मरण, म्हणजे परमेश्वराचे नाम, त्याच्या लीळा, त्याची मूर्ती आणि त्याच्या चेष्टा आठवणे. चेष्टा म्हणजे अवताराच्या शरीराच्या साध्या हालचाली : तो कसा बसला, कसा उठला, कोणाकडे पाहून हसला. पंथात संन्यास घेण्याच्या क्रियेला अनुसरण म्हणतात, आणि अनुसरलेल्या भिक्षूचा दिवस या चार-पाच गोष्टींनी भरलेला असे.

या आचाराचा कडकपणा बाहेरून पाहणाऱ्याला निष्ठुर वाटू शकतो, पण त्यामागे मानवी स्वभावाची खोल जाण आहे. ओळखीच्या घरी रोज भिक्षा मिळू लागली की ते घर आपले वाटू लागते. एका गावात चार महिने राहिले की गावकरी पाया पडू लागतात, आणि पाया पडणारे मिळाले की संन्याशाचा संन्यास आतून पोखरायला सुरुवात होते. शिष्यांनी महाराष्ट्रातच राहावे, कानडी आणि तेलंग देशांत जाऊ नये, हा चक्रधरांचा उपदेश महाराष्ट्राभिमानाचा पुरावा म्हणून आजवर पुष्कळदा सांगितला गेला आहे. पण त्या उपदेशाला जोडून दिलेले कारण तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. ते देश विषयभोगांनी भरलेले आहेत आणि तेथे तपस्व्यांना मान मिळतो, असे ते कारण आहे. बळ्ळिगावेसारख्या संपन्न मठांचा कानडी मुलूख समोर ठेवून हे कारण वाचले म्हणजे त्याचा रोख लक्षात येतो. ज्या प्रदेशात राजे मठांना गावे इनाम देतात आणि आचार्यांची स्तुती शिलालेखांत कोरतात, तो प्रदेश संन्याशाला धोक्याचा आहे. महाराष्ट्र निवडला गेला तो संन्याशाला तेथे फारसे कोणी विचारणार नाही म्हणून, असा या उपदेशाचा अर्थ घेणे अधिक न्याय्य ठरेल.

याच शतकात युरोपातही संन्यासजीवनाला असेच वळण लागले, हा योगायोग अभ्यासकाने नोंदवावा असा आहे. तेथे सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीने एकाच मठात आयुष्यभर राहणे हे भिक्षूचे व्रत ठरवले होते आणि मठामठांतून भटकणाऱ्या भिक्षूंची कठोर निंदा केली होती. त्या चौकटीत वाढलेले मठ शेतीवाडीने श्रीमंत झाले, आणि तेराव्या शतकाच्या आरंभी असिसीच्या संत फ्रान्सिसने मालमत्ता नाकारून भिक्षेवर जगणारा आणि लोकांत हिंडणारा संघ उभारला. त्याच्या नियमावलीला पोपची मान्यता १२२३ साली मिळाली. या दोन चळवळींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तरीही जमीनजुमल्याने जड झालेल्या मठांच्या काळात, त्यांच्या शेजारीच, निर्धन आणि फिरत्या भिक्षूंचे संघ दोन्हीकडे उभे राहिले.

महानुभाव संघातील स्त्रियांचे स्थान हा मात्र त्याचा अगदी स्वतःचा विशेष होता. चक्रधरांच्या शिष्यपरिवारात बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा अशा अनेक स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी विधवा होत्या. त्या काळच्या ब्राह्मणी घरातील विधवेपुढे व्रतवैकल्ये आणि घरच्यांची चाकरी याखेरीज दुसरे आयुष्य जवळजवळ नव्हते. संघाने तिला संन्यास दिला, हिंडण्याची मोकळीक दिली आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. ‘लीळाचरित्रा’त महदाइसा सतत काही ना काही विचारत असते, आणि तिच्या प्रश्नांमुळेच पंथाच्या शास्त्रातील कित्येक गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. स्त्रीच्या मासिक धर्माचा विटाळ चक्रधरांनी मानला नाही. शरीराच्या इतर स्रावांसारखाच तो एक स्राव आहे, अशी त्यांची भूमिका होती. याच महदाइसेने रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या प्रसंगी रचलेले ‘धवळे’, म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, मराठीतील पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना म्हणून मान्य आहेत. भिक्षूंनी स्त्रीसंगापासून दूर राहावे याबद्दल पंथाचे नियम अत्यंत कडक होते, आणि तरीही त्याच संघात स्त्रिया संन्यासिनी म्हणून राहत, शास्त्रचर्चा करत आणि स्मरणात आचार्यांच्या बरोबरीने साक्ष देत. या दोन गोष्टींत ताण होता हे खरे, पण संघाने तो ताण सोसला आणि स्त्रियांना बाहेर काढून तो सोडवण्याचा सोपा मार्ग पत्करला नाही. पंथाच्या इतिहासात यापेक्षा अधिक आदरास पात्र असे फार थोडे आहे.

जातीच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. चारही वर्णांच्या घरची भिक्षा घेण्याचा नियम तेराव्या शतकात धाडसाचा होता आणि सनातनी समाजाच्या रोषाचे ते एक मोठे कारण ठरले. परंतु पंथात दोन प्रकारचे लोक होते : अनुसरलेले भिक्षू, आणि संसारात राहून पंथावर श्रद्धा ठेवणारे गृहस्थ, ज्यांना वासनिक म्हणतात. भिक्षूने जात सोडली, तरी वासनिकाचे लग्नव्यवहार आणि पंगत बहुधा जातीच्या चौकटीतच राहिली. संन्याशी संघ समाजाच्या कडेला उभा राहून वेगळे जगणे शक्य आहे हे दाखवू शकला. खेड्यातील रोजचे व्यवहार बदलण्याइतके बळ त्याच्यापाशी नव्हते, आणि जमीन व राजाश्रय नाकारणाऱ्या संघापाशी ते असणेही कठीण होते. मांस आणि मद्य वर्ज्य करणे, जीवहिंसा टाळणे आणि ग्रामदैवतांची उपासना सोडून एका परमेश्वरालाच भजणे, एवढे मात्र वासनिकांच्या घरात रुजले, आणि अनेक घरांत ते आजही टिकून आहे.

संघाने समाजाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र स्मरणाच्या नियमातून आली. अवताराच्या लीळा आठवणे हाच असन्निधानातील धर्म असेल, तर त्या लीळा खऱ्याखुऱ्या आणि तपशिलासकट आठवल्या पाहिजेत, चुकीच्या आठवणीने स्मरण फळणार नाही, ही जाणीव संघात पहिल्यापासून होती. म्हाइंभट हे सराळे गावचे विद्वान आणि सधन गृहस्थ. शास्त्रपांडित्याच्या अभिमानाने ते चक्रधरांशी वाद करण्यास आले आणि त्यांचे शिष्य झाले. चक्रधरांच्या गमनानंतर नागदेवाचार्य आपल्या स्वामींच्या आठवणी एकांतात मनाशी घोळवत असत. त्या लिहून ठेवाव्यात ही कल्पना म्हाइंभटांची, आणि नागदेवाचार्यांची संमती घेऊन त्यांनी ती तडीस नेली. ज्याच्या समोर एखादी घटना घडली त्याच्याकडे जाऊन ती विचारून घ्यायची, साक्षीदार दूरच्या गावी असेल तर तेथवर पायी जायचे, आणि मिळालेले सगळे रिद्धपुरास आणून नागदेवाचार्यांपुढे ठेवायचे, अशी त्यांची पद्धत होती. नागदेवाचार्य ते ऐकून स्वामींचे शब्द कोणते आणि सांगणाऱ्याच्या बोलण्याची भर कोणती, हे निवडून देत. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हे मराठीतील पहिले गद्य चरित्र या परिश्रमातून आकाराला आले.

या ग्रंथाची घडण पाहिली म्हणजे भिक्षुसंघाची शिस्त त्यात कशी उतरली आहे ते दिसते. प्रत्येक लीळा ही छोटी, स्वतंत्र घटना असते. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणाच्या उपस्थितीत ती घडली याचा उल्लेख आरंभीच येतो, आणि नंतर संवाद येतो. वाक्ये आखूड आणि बोलभाषेतील असतात, कारण ती लिहिण्याआधी अनेकांच्या तोंडी राहिलेली आहेत. चमत्कारांना जितकी जागा मिळते, तितकीच जागा जेवणातल्या पदार्थांना, फाटलेल्या वस्त्राला, शिष्यांच्या रुसव्याफुगव्यांना आणि वाटेत भेटलेल्या गुराख्याला मिळते. अवताराची कोणतीही चेष्टा स्मरणयोग्यच असल्यामुळे क्षुल्लक म्हणून काही गाळण्याचा अधिकार लेखकाला नव्हता. तेराव्या शतकातील महाराष्ट्रात लोक काय खात, काय नेसत, प्रवासात कोठे उतरत, व्यापारी आणि कारागीर कसे बोलत, याची जी माहिती इतिहासकाराला आज मिळते, ती या धार्मिक काटेकोरपणाची देणगी आहे. दोन सांगणाऱ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर पोथ्यांमध्ये दोन्ही पाठ नावानिशी नोंदवलेले आढळतात. हिराइसा या भिक्षुणीची आठवण अशी, परशुरामबास या भिक्षूची अशी. एकाला खरे ठरवून दुसरे पुसून टाकणे सोपे होते, पण आठवणीलाच उपासना मानणाऱ्या संघाला ते अधर्म वाटले असावे. आधुनिक संपादकाची पाठभेद नोंदवण्याची शिस्त या भिक्षूंनी सातशे वर्षांपूर्वी श्रद्धेपोटी पाळली.

स्मरणाचा हाच नियम भूगोलालाही लागू झाला. स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक या चार गोष्टी पंथात वंदनीय मानतात. स्थान म्हणजे अवताराचा चरणस्पर्श झालेली जागा, आणि प्रसाद म्हणजे त्याने वापरलेली किंवा हाताळलेली वस्तू. अशा जागांवर दगडी ओटे बांधून त्या खुणावल्या गेल्या, आणि त्यांची सविस्तर नोंद करणारी ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकात तयार झाली. तिच्यात गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ आहे, त्याचे दार कोणत्या दिशेकडे आहे, आत कोणत्या चौकात वसती झाली, आसन कोठे, निद्रास्थान कोठे, असा तपशील ओळीने येतो. त्यांपैकी कितीतरी देवळे नंतर पडली, काहींच्या जागी दुसऱ्या इमारती आल्या, आणि यादवकालीन गावांच्या रचनेचा आधार म्हणून ही पोथी पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला अमोल ठरली. ज्या संघाने स्वतःसाठी घर बांधले नाही, त्याने इतरांच्या देवळांचा इतका बारीक हिशेब ठेवला.

भाषेचा निर्णयही संघाच्या रचनेशी निगडित होता. नागदेवाचार्यांचे शिष्य केशोबास, म्हणजे केशिराज व्यास, हे संस्कृतचे पंडित होते. त्यांनी ‘लीळाचरित्रा’तील चक्रधरवचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला आणि चक्रधरांनी सांगितलेल्या दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ रचला, ज्यात ११४ दृष्टांत आहेत. संस्कृतातही त्यांनी रचना केली, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण संघातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रियांना ते कळणार नाही आणि त्या शास्त्राला मुकतील. ‘स्मृतिस्थळ’ या नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथात हा प्रसंग आलेला आहे. नागदेवाचार्यांच्या निर्णयामागे भाषाभिमान होता असे मानण्याचे कारण नाही. समोर बसलेल्या श्रोत्या कोण आहेत, याचे भान त्यामागे होते, आणि त्या भानाचे मोल अभिमानापेक्षा जास्त आहे. स्त्रियांना दीक्षा देणारा संघ संस्कृतात शास्त्र ठेवूच शकत नव्हता. दरबाराबद्दलही संघाची वृत्ती अशीच होती. ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचणारे कवी नरेंद्र यांच्याकडे रामदेवराय यादवाने द्रव्याच्या बदल्यात ग्रंथावर आपले नाव मागितले आणि कवीने ते नाकारले, अशी परंपरा सांगते. त्या कथेची शब्दशः सत्यता बाजूला ठेवली, तरी संघाला स्वतःबद्दल काय सांगावेसे वाटले, हे त्यातून कळते.

दरबारातील सनातनी विद्वानांचा पंथाला विरोध होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने आणि तीर्थे यांचा विशाल ग्रंथ रचणारा यादवांचा मंत्री हेमाद्री याचे नाव पंथाच्या परंपरेत विरोधक म्हणून येते. ज्या व्यवस्थेत दान आणि व्रत यांवर धर्माची सगळी उभारणी होती, तिला दान न घेणारा आणि व्रते न मानणारा संघ खुपणे स्वाभाविकच होते. १३०२ साली नागदेवाचार्यांचे निधन झाले. त्याआधीच, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खलजीची पहिली स्वारी देवगिरीवर झाली होती, आणि पुढच्या दोन दशकांत यादवांचे राज्य संपले. त्या धामधुमीत संघाची मंडळी पांगली आणि ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांच्या तोंडून तो पुन्हा लिहून घेण्यात आला, आणि आज आढळणाऱ्या निरनिराळ्या पाठांचे मूळ त्या पुनर्लेखनात आहे. पोथी गेली तरी ग्रंथ वाचला, कारण भिक्षू तो रोज मनात म्हणत असत.

या अनुभवानंतर संघाचे वळण बदलले. चौदाव्या शतकात पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले जाऊ लागले. सर्वांत जास्त चाललेली सकळ लिपी ही नागरीतील एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजून तयार केलेली होती, आणि तिच्या जोडीला सुंदरी इत्यादी आणखी लिप्याही होत्या. ग्रंथांचे पावित्र्य आणि पाठ सुरक्षित राहावा हा हेतू त्यामागे असेल, आणि तो पुष्कळ अंशी साधलाही, पण त्याची किंमत फार मोठी होती. स्त्रियांना कळावे म्हणून ज्यांनी संस्कृत टाळले, त्यांच्याच वारसांनी मराठी शास्त्र मराठी माणसाला वाचता येऊ नये अशी तजवीज केली. हा निर्णय पंथाच्या मूळ वृत्तीशी विसंगत होता, असेच म्हणावे लागते. ज्ञानेश्वर, नामदेव आणि एकनाथ यांची वाणी घराघरांत गेली, तेव्हा तिच्याइतकेच जुने महानुभाव गद्य पेटाऱ्यांत बंद राहिले, आणि मराठी गद्याच्या पुढील वाढीवर त्याचा जो परिणाम होऊ शकला असता, तो झाला नाही.

पंथाच्या अनेक शाखा पडल्या. त्यांना आम्नाय म्हणतात, आणि परंपरा तेरा आम्नाय मोजते. हळूहळू अटनाची जागा मठांनी घेतली, आचार्यांच्या जागी महंत आले, आणि मठ म्हटला की येणारी जमीन, वारसा आणि तंटेही आले. पंजाबात आणि त्यापलीकडे पेशावरकडे पंथाचा प्रसार झाला. तेथे अनुयायी ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखले गेले, आणि मराठी पोथ्या मराठी न बोलणाऱ्या मुलखात श्रद्धेने शिकल्या गेल्या. महाराष्ट्रात मात्र ‘मानभाव’ हा शब्द निंदाव्यंजक झाला, आणि १७८२ साली सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात पंथाविरुद्ध सरकारी हुकूमही निघाला. गुप्ततेमुळे संशय वाढला आणि संशयामुळे गुप्तता, असे हे चक्र कित्येक पिढ्या चालले.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, पंथातील काही महंतांनी आपल्या पोथ्या अभ्यासकांना खुल्या केल्या, आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी या वाङ्मयाचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. ह. ना. नेने यांनी १९३६-३७ मध्ये ‘लीळाचरित्रा’चे भाग प्रकाशित केले, आणि वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली त्याची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली छापली. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी जमवलेल्या आठवणी नागदेवाचार्यांनी एकेक करून पारखल्या, त्या अमरावती जिल्ह्यातील गावी महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले असून तेथील अध्यापन २०२४ पासून सुरू झाले आहे.